एकोणीस सेंटिमीटर

दर वर्षी १५ सप्टेंबरच्या आसपास एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून मला बोलावणं येतं. अभियंता दिन असतो. व्यासपीठावर विश्वेश्वरय्यांचा हार घातलेला फोटो असतो, खडकवासला धरणावर त्यांनी १९०३ साली बसवलेल्या स्वयंचलित दारांची गोष्ट कुणीतरी सांगतं, आणि मग मला ‘कारकिर्दीतले अनुभव’ सांगायला उभं करतात. मी धरणांचे, कालव्यांचे, जलवाहिन्यांचे अनुभव सांगतो. मुलं टाळ्या वाजवतात.

गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, तुमचं चुकलेलं काम कोणतं?” मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. परतीच्या एसटीत मला स्वतःचीच लाज वाटत राहिली. तिने सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला पस्तीस वर्षं पाठ होतं. ते आज लिहितो आहे.

१९८४ साली मी बारावी झालो. त्याआधी महाराष्ट्रात इंजिनिअर व्हायचं म्हणजे पुणे, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराड, औरंगाबाद अशी बोटांवर मोजण्याजोगी ठिकाणं होती आणि तिथे लागतील एवढे मार्क मला नव्हते. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान महाविद्यालयांना परवानगी दिली आणि माझ्यासारख्या काठावरच्या मुलांना दार उघडलं. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी फंडातून पैसे काढले, उरलेले पतसंस्थेतून उचलले. प्रवेशाची पावती त्यांनी चार घड्या घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि घरी पोहोचेपर्यंत दोनदा हात लावून पाहिली. त्या पावतीचं मी चार वर्षं काय केलं, तिथून या गोष्टीला सुरुवात होते.

आम्हाला सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षी सर्व्हेइंग होतं. मैदानावर प्रॅक्टिकल. एका बॅचला वीस मुलं आणि एक डम्पी लेव्हल. जुन्या पद्धतीचं यंत्र, दुर्बिणीतून स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी पट्टी, उलटा दिसायचा, आकडे डोक्यावर उभे. ते वाचायला नजर बसावी लागते आणि नजर बसायला शंभर-दोनशे रीडिंग स्वतः घ्यावी लागतात. आमच्यातली दोन मुलं मन लावून यंत्राशी झटायची, एक स्टाफ धरायचा आणि उरलेले सतरा कडुनिंबाच्या सावलीत बसायचे. मी सावलीत बसणाऱ्यांतला. संध्याकाळी होस्टेलवर त्या दोघांचं लेव्हल बुक फिरायचं आणि आम्ही उतरवून घ्यायचो.

ड्रॉइंगचीही तीच कथा. खिडकीची काच काढायची, दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, खाली साठचा बल्ब लावायचा, काचेवर दुसऱ्याची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. याला आम्ही ‘जीटी मारणं’ म्हणायचो. ग्लास ट्रेसिंग. एका रात्रीत दोन शीट व्हायच्या. बल्बची धग काचेतून वर येऊन मनगट भाजायचं, म्हणून मनगटाखाली रुमाल घ्यायचा. आजही मला त्या कामाची प्रत्येक युक्ती आठवते. शीटवर काय होतं ते मात्र आठवत नाही.

कॉलेज नवं होतं, यंत्रं कमी होती, हे खरं आहे. पण माझ्याच बॅचमधल्या त्या दोघांना त्याच एका यंत्रावर काम आलंच. तेव्हा दोष तिकडे ढकलायला मला जागा नाही.

सबमिशनच्या आधी एक गोष्ट मी फार चांगली शिकलो, ती म्हणजे रीडिंग ‘कुक’ करणं. सर्व्हेइंग न शिकलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. एका ज्ञात उंचीच्या खुणेपासून, म्हणजे बेंचमार्कपासून, निघायचं. यंत्र मध्ये लावायचं, मागे ठेवलेला स्टाफ वाचायचा, मग पुढे ठेवलेला वाचायचा. मागचं वाचन बॅकसाइट, पुढचं फोरसाइट. असं टप्प्याटप्प्याने पुढे जायचं आणि शेवटी पुन्हा मूळ खुणेवर परत यायचं. निघालो तेव्हा खुणेची जी उंची होती, तीच परत आल्यावर हिशेबाने निघाली पाहिजे. थोडा फरक पडतोच. त्याला क्लोजिंग एरर म्हणतात. साधारण कामाला किती फरक चालतो याचं सूत्र प्रत्येक पुस्तकात आहे: किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ गुणिले २४ मिलिमीटर. चार किलोमीटर फिरून आलात, तर ४८ मिलिमीटर. त्याहून जास्त आला, तर सगळं काम पुन्हा.

पुन्हा करायचा कंटाळा असेल, तर शेवटून उलटं गणित करता येतं. एखादं रीडिंग पुसायचं, हवं ते लिहायचं, आणि फरक शून्य. बेरजांचा ताळाही बरोबर जुळतो, कारण ताळा फक्त बेरीज-वजाबाकी तपासतो. आकडा दुर्बिणीतून आला की डोक्यातून, हे त्याला कळत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते. त्यांनी माझं बुक उघडलं, शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, “क्लोजिंग एरर किती आला?”

“शून्य, सर.”

“शून्य?” ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “इतक्या वर्षांत मला कधी शून्य आला नाही.” आणि पुढच्या मुलाला बोलावलं. मला पंचविसांपैकी एकवीस मार्क मिळाले. त्या माणसाने मला सावध केलं होतं. मी त्यातून घेतलेला धडा असा की शून्य दाखवायचं नाही, थोडा फरक ठेवायचा.

१९८८ मध्ये पदवी मिळाली. सेकंड क्लास, वाटेत एक एटीकेटी. जुलैत एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून लागलो. पगार चौदाशे रुपये. भीमा खोऱ्यात कालव्याच्या पुढच्या फाट्यांची कामं चालू होती. त्यांतली एक मायनर, म्हणजे लघुवितरिका, माझ्याकडे आली. गावकरी तिला चारी म्हणत. लांबी दोन किलोमीटर, उतार दोन हजारास एक. म्हणजे दोन हजार मीटर चाललं की तळ एक मीटर खाली जातो. पाणी आपल्या पायाने जायला एवढा उतार पुरतो, पण त्यात चुकीला जागा फार थोडी असते. काळी माती, सपाट रान, आणि साधारण तेराशे मीटरवर एक ओढा आडवा. ओढ्यावर नळाची मोरी होणार होती. त्याच्या पलीकडे सातशे मीटर चारी आणि तिच्यावर सतरा शेतकऱ्यांची मिळून चाळीस एकर जमीन.

मार्च १९८९. मला मुखाकडच्या बेंचमार्कपासून टेलपर्यंत, म्हणजे चारीच्या शेवटापर्यंत, उंची नेऊन तिथे एक तात्पुरता बेंचमार्क ठरवायचा होता. त्यावरून ओढ्यापलीकडची खोदाई होणार होती. सकाळी सातला निघालो, मी आणि एक स्टाफमन. स्टाफ चार मीटरचा, दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा, तीन तुकड्यांचा. वर ओढला की खटका बसतो आणि ‘टक’ असा आवाज येतो. दुपारी टेलला पोहोचलो, एका बांधाच्या दगडावर तांबड्या रंगाने खूण केली आणि परत फिरलो. साडेपाचला मुखाशी आलो. बेंचमार्कच्या दगडावर बसून हिशेब केला.

फरक आला ०.१९० मीटर. एकोणीस सेंटिमीटर. चालण्याजोगा होता ४८ मिलिमीटर. चौपट.

बेरजा दोनदा तपासल्या, त्या बरोबर होत्या. याचा अर्थ एकच होता: कुठलंतरी रीडिंग चुकलं आहे आणि ते कुठलं हे कळायला उद्या पुन्हा चार किलोमीटर. उद्या सकाळी मजुरांच्या दोन टोळ्या येणार होत्या. त्यांना आखणी करून दिली नाही, तर दिवसाची मजुरी अंगावर. आणि कंत्राटदाराकडच्या थोरल्या साहेबांना सांगावं लागलं असतं की पहिलंच स्वतंत्र काम मला जमलं नाही. ही कारणं तेव्हा फार मोठी वाटली. खरं कारण एवढंच होतं की हे निस्तरायचा सोपा मार्ग मला येत होता.

परतीच्या वाटेवरचं एक बॅकसाइट मी निवडलं. १.४३५. ते पेन्सिलीने जरा फिकट लिहिलं गेलं होतं, म्हणून तेच निवडलं. खोडरबराने पुसलं, फुंकर मारली, आणि लिहिलं १.२५५. एकशे ऐंशी मिलिमीटर कमी. दहा मिलिमीटर फरक मुद्दाम राहू दिला. स्टाफमन समोर उभा होता, स्टाफ पुसत होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रबर कशासाठी असतं हे त्याला कळत होतं. तो काही बोलला नाही.

लेव्हल बुकात खोडरबर चालत नाही, हा सर्व्हेइंगचा अगदी पहिल्या तासाला सांगितलेला नियम आहे. चुकलं तर आडवी रेघ मारायची, वर दुरुस्त आकडा लिहायचा, म्हणजे चूक कुणालाही दिसत राहते. तो नियम मी परीक्षेत शब्दशः लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी टोळ्या आल्या. खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली, काम सुरू झालं. ओढ्याच्या अलीकडची चारी मुखाच्या बेंचमार्कवरून खोदली गेली, पलीकडची माझ्या तांबड्या खुणेवरून. एप्रिलच्या शेवटी मोरीच्या बांधकामासाठी गवंडी आले. मुख्य मिस्त्री पन्नाशीचे. त्यांच्याकडे लेव्हलसाठी एकच साधन, पाणी भरलेली पारदर्शक नळी. एके दिवशी ते माझ्याकडे आले.

“साहेब, मोरीच्या त्या अंगाला तळ वीतभर खाली जातोय.”

“नळीत हवा असेल, मिस्त्री. काढा आणि परत बघा.”

त्यांनी माझ्यासमोर नळी रिकामी केली, पुन्हा भरली, बुडबुडे निघून जाईपर्यंत अंगठ्याने टिचक्या मारत राहिले. मग दोन्ही टोकं धरून दाखवलं. वीतभर. माझ्या पोटात एकदम गार पडलं, कारण एकोणीस सेंटिमीटर म्हणजे वीतभरच. मी काय बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतं. “ड्रॉइंगमधे तसंच आहे. ड्रॉइंगप्रमाणे करा.” ड्रॉइंगमध्ये तसं नव्हतं, आणि मिस्त्रींना ड्रॉइंग वाचता येत नाही हे मला माहीत होतं. त्यांनी मान हलवली आणि दोन्ही तळ उताराने जुळवून टाकले.

मार्चमधल्या चुकीला निदान दमलेल्या संध्याकाळची सबब होती. एप्रिलमधल्या या वाक्याला तीही नाही. माझी चूक एका अनुभवी माणसाने साध्या नळीने शोधून माझ्या हातात आणून दिली होती, सिमेंट अजून पडायचं होतं, आणि मी पदवीचा धाक घालून त्याला गप्प केलं.

डिसेंबरमध्ये रब्बीची पहिली पाळी सुटली. पाणी ओढ्यापर्यंत छान आलं, मोरीतून पलीकडे गेलं, टेलपर्यंत पोहोचलंही. पण शेतात चढेना. पाणी शेताच्या उंचवट्यापेक्षा निदान १५ सेंटिमीटर वर राहील, असा हिशेब आराखड्यात धरलेला होता. माझ्या खुणेवरून खोदलेल्या सातशे मीटरात तळ १९ सेंटिमीटर खाली गेला होता. म्हणजे पाणी शेताच्या ४ सेंटिमीटर खालून वाहत होतं. बांधावर उभं राहिलं की पाणी दिसायचं, हात घालता यायचा, आणि ज्वारीच्या सरीत एक थेंब जायचा नाही. मुख्य कालव्याला डोळे लावून वर्षानुवर्षं बसलेल्या माणसांना हे बघावं लागलं.

त्यांनी मग त्यांच्या परीने उपाय केला. बारदानात माती भरून ती चारीत आडवी टाकली, वर दगड रचले. मागे फुगवटा आला, पाणी चढलं, दोन शेतं भिजली. तिसऱ्या रात्री फुगवट्याने भराव फुटला आणि खालच्या रानातल्या एकाची काढून ठेवलेली तूर पाण्यात गेली. तूर गेली तो आणि बारदान टाकणारा सख्खे चुलतभाऊ. त्या दोन घरांतलं बोलणं पुढे बरीच वर्षं बंद होतं.

पण सगळ्यात मोठा फटका बसला पाटकऱ्याला. कालव्याची दारं उघडणारा-मिटणारा हा माणूस. टेलला पाणी मिळालं नाही की गावात पहिला संशय त्याच्यावर येतो: वरच्या लोकांकडून पैसे घेऊन पाणी तिकडे सोडलं असणार. अर्ज गेले. पुढच्या पाळीला लोकांनी त्याला चारीवर घेरलं. मी तेव्हा दुसऱ्या कामासाठी तिथून मोटारसायकलवरून जात होतो. तो माझ्याकडे धावत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “साहेब, तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हीच सांगा यांना. दार पूर्ण उघडं आहे. पाणी दिसतंय की नाही चारीत?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मला माहीत होतं. “बघतो, साहेबांच्या कानावर घालतो,” एवढंच म्हणून मी गाडीला किक मारली. महिन्याभरात त्याची दुसरीकडे बदली झाली.

त्यानंतर मला नीट झोप लागत नव्हती असं लिहिणं सोपं आहे. खरं तर मला झोप लागायची. दिवसा मात्र कुणी लेव्हल बुक उघडलं की छातीत धडधडायचं. असे दोन महिने गेले. १९९० च्या फेब्रुवारीत थोरल्या साहेबांनी त्या मायनरचं रेकॉर्ड मागितलं, अंतिम बिलासाठी. ते सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन कंत्राटदाराकडे आलेले, साठी ओलांडलेले. मी बुक त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि हात तसाच त्यावर राहिला. मग सांगून टाकलं. ०.१९०, रबर, मिस्त्री, पाटकरी, सगळं.

ते रागावतील याची तयारी होती. त्यांनी बुक उचललं, ते पान खिडकीकडे तिरपं धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. पुसलेल्या आकड्याची पेन्सिल गेली होती, पण टोकाची खूण कागदात राहिली होती. “एक चार तीन पाच,” त्यांनी वाचलं. मग बुक मिटून म्हणाले, “उद्या सकाळी सहाला. लेव्हल तू घ्यायची. स्टाफ मी धरतो.”

माझ्या आयुष्यातला सर्व्हेइंगचा पहिला खरा दिवस तो. साठीचा माणूस दोन किलोमीटर जाताना आणि दोन किलोमीटर येताना धोतराचा काचा मारून स्टाफ धरून उभा होता. प्रत्येक वेळी वरचा तुकडा ओढला की थांबायचे, खटक्याचा ‘टक’ आवाज ऐकायचे, अंगठ्याने दाबून बघायचे आणि मग मला हात करायचे. प्रत्येक रीडिंग मी मोठ्याने म्हणायचं, लिहायचं, पुन्हा दुर्बिणीत बघायचं आणि मग दुसऱ्यांदा म्हणायचं. ओढ्यापर्यंत माझ्या जुन्या उंच्या मिलिमीटरांच्या फरकाने जुळत गेल्या. ओढ्यात स्टाफ पूर्ण वर काढावा लागतो, कारण जागा खोल. ओढा ओलांडल्यावर आताच्या उंच्या जुन्यांशी ताडून बघितल्या, आणि तिथून पुढे सगळीकडे १९ सेंटिमीटरचा फरक लागला.

साहेबांनी आमचा जुना स्टाफ मागवला. खटक्याचा दात झिजलेला होता. त्यांनी स्टाफ वर काढून उभा केला आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळवला, टर्निंग पॉइंटला, म्हणजे यंत्र पुढे नेताना, वळवतात तसा. वरचा तुकडा सरकन खाली आला. त्या दिवशी ओढ्यात हेच झालं असणार: फोरसाइट बरोबर वाचलं गेलं, स्टाफ माझ्या पुढच्या मुक्कामाकडे वळवताना तुकडा घसरला, आणि बॅकसाइट एकोणीस सेंटिमीटरने जास्त वाचलं गेलं. चूक यंत्रसामग्रीची होती, कुणाच्याही हातून झाली असती. ती पकडण्यासाठीच तर परत फिरून येतात. तिने स्वतःहून ०.१९० असा आकडा लिहून मला दाखवला होता.

संध्याकाळी मुखाशी क्लोजिंग एरर आला १५ मिलिमीटर. साहेब म्हणाले, “लिही. जसाच्या तसा.”

दुरुस्ती उन्हाळ्यात झाली. सातशे मीटर तळात मुरूम भरून तो दाबून घेतला, दोन्ही काठ उंच केले, सगळी आउटलेट उखडून वर बसवली. खर्च कंत्राटदाराने सोसला. माझ्या पगारातून काही कापलं नाही. साहेबांनी काय रदबदली केली ते मला कधी सांगितलं नाही. दुरुस्तीच्या आधी मात्र ते मला टेलच्या शेतकऱ्यांसमोर घेऊन गेले. मारुतीच्या देवळासमोर पंधरा-वीस माणसं बसली होती. साहेबांनी फक्त “हे काय सांगतात ते ऐका” म्हटलं आणि बाजूला झाले. मी सांगितलं की चूक माझी आहे, पाटकऱ्याची नाही. कुणी आवाज चढवला नाही. ज्यांची तूर गेली होती ते तात्या उठले आणि म्हणाले, “पोरा, हे तू त्याला सांगितलंस का?”

सांगितलं नव्हतं. तो तीस किलोमीटरवर दुसऱ्या कालव्यावर होता. पुढच्या रविवारी गेलो. तो दाराचं चाक फिरवत होता, काम थांबवलं नाही. ऐकून घेतलं. म्हणाला, “बरं झालं सांगितलंत.” मग थोड्या वेळाने, चाकावरून नजर न काढता, “पोरं शाळेत होती तिथं. त्यांना चोराची पोरं म्हणायचे. आता नवी शाळा लावली, ठीक चाललंय.” त्याची बाजू लिहून मी सही करून त्याच्या कार्यालयाला पत्र दिलं. बदली रद्द झाली नाही. त्याने ती मागितलीही नाही.

त्यानंतर तेहेतीस वर्षं मी याच क्षेत्रात काम केलं. कामं बरी झाली, काही चांगली झाली. त्या मिस्त्रींना मात्र परत भेटता आलं नाही. मोरी संपताच ते त्यांच्या माणसांसह दुसऱ्या जिल्ह्यात गेले, आणि मी पत्ता शोधायला लागलो तोवर उशीर झाला होता. मी ज्यांची माफी मागायला हवी होती, त्यांत ते आधी येतात.

आता मुलांच्या हातात ऑटो लेव्हल आहे, टोटल स्टेशन आहे, प्रतिमा सरळ दिसते, आकडे आपोआप साठवले जातात. पण परीक्षक म्हणून मी जर्नल उघडतो तेव्हा तीस मुलांच्या तीस तक्त्यांत तोच आकडा, तिसऱ्या दशांशापर्यंत तोच, असं आजही बघतो. अशा मुलाला मी नापास करत नाही. त्याला बाहेर मैदानात नेतो, यंत्र लावायला सांगतो आणि स्टाफ मी धरतो. त्या मुलीने पुढच्या सप्टेंबरमध्ये पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर तिलाही सोबत नेईन आणि जाताना हे सगळं सांगेन.

साहेब वारल्यावर त्यांच्या मुलाने मला एक पाकीट पाठवलं. आत ते लेव्हल बुक होतं. ते माझ्या टेबलाच्या वरच्या खणात असतं. पान खिडकीकडे तिरपं धरलं, तर १.२५५ च्या खाली १.४३५ अजून वाचता येतं.